कानाआड

माहेरी तिला सगळे बडबडी म्हणत, आणि लग्नानंतरही ते नाव काही सुटलं नाही. पडदे शिवायच्या कारखान्यात ती कामाला होती. कारखाना म्हणजे फर्निचरच्या दुकानामागची एक लांबट खोली. सहा मशिनं, एक भलंमोठं कापायचं टेबल आणि कापडाच्या तुसांनी कायम खाजणारी सहा नाकं. सकाळी आठपासून चारपर्यंत बडबडी तिथे चुण्या घालायची, अस्तर जोडायची आणि बोलायची. एकदा मोटार जळून तिचं मशीन बंद पडलं, तेव्हा शेजारची बाई म्हणाली होती, "चला, एक तरी थांबलं."

लग्नाला दोन वर्षं झाली होती. घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. सकाळी लवकर बाहेर पडायचा, यायला आठ वाजायचे. खिडकीच्या खोलीत सासूबाई. त्यांनी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरची नोकरी केली होती, आणि निवृत्त झाल्यावर हळूहळू त्यांचे कान गेले. एकदा मुलाने हौसेने कानाचं मशीन आणलं होतं, पण ते भर पाहुण्यांत शिट्टी मारायचं. सगळे हसले. सासूबाईही हसल्या आणि मशीन कपाटात गेलं ते गेलंच. आता त्यांच्याशी बोलायचं तर समोर जाऊन, तोंड मोठं करून, एकेक शब्द सुटा करून बोलावं लागे. दिवसभर बोलणाऱ्या बडबडीलाही त्याचा कंटाळा यायचा. मग ती खुणांवर भागवायची. चहा हवा का, तर कप दाखवायचा.

बोलायला ताई होती. साडेचारला घरी आलं, हातपाय धुतले, भाजी चिरायला घेतली, की बडबडी फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवायची. ताई तिकडे तिच्या घरी कपड्यांच्या घड्या घालत असायची. सासूबाई तिथेच चार हातांवर खुर्चीत बसून मटार सोलत असायच्या. ताईला आधी चमत्कारिक वाटलं होतं.

"अगं, हळू बोल, त्या बसल्यात ना?"

"बसल्यात की. तोफ डागली तरी ऐकू जायचं नाही."

फक्त एक काळजी ती घ्यायची. सासूबाईंना ओठ थोडे कळायचे, म्हणून तोंड शेगडीकडे ठेवायची. मग सगळं निघायचं. भांडी कशी धाडकन आपटतात, बाथरूमचं दार कसं लावतात, चहा कसा फुर्र फुर्र करून पितात. नक्कल तिला छान जमायची. ताईला हसून हसून ठसका लागायचा. मध्येच बडबडी मागे वळून सासूबाईंकडे बघून गोड हसायची, आणि सासूबाईही मान हलवून हसायच्या.

आणि पुढचे बेत. ते तर रोजचेच. अजून दोन वर्षं कारखान्यात काढायची, मग स्वतःचं मशीन घ्यायचं आणि घरूनच पडदे शिवायचे. पडद्याला उजेड लागतो, रंग नीट जुळवावा लागतो, म्हणून खिडकीची खोलीच हवी.

"आणि सासूबाई?" ताईने एकदा विचारलं.

"त्या किती दिवसांच्या? फार तर चार-पाच वर्षं. मग पलंग बाहेर आणि मशीन आत. मी भिंतीचा रंगसुद्धा ठरवून ठेवलाय."

हे ती मंगळवारी बोलली. कोबी चिरता चिरता.

त्यानंतरच्या आठवड्यात सासूबाई जरा बदलल्यासारख्या वाटल्या. अंबाडा घट्ट बांधायच्या, तो सैल झाला, केस कानांवर यायला लागले. बाथरूमचं दार हलकेच लागायला लागलं. चहा त्या निवत ठेवून शांतपणे प्यायच्या. एका सकाळी त्या बडबडीचा टेप घेऊन स्वतःच्या खोलीत भिंत मोजत होत्या. बडबडीने हातानेच विचारलं, काय? त्या म्हणाल्या, "शिवणाचं मशीन केवढं असतं गं लांबीला? टेबलासकट?" बडबडीने हात पसरून दाखवलं. वय झालं, काहीतरी डोक्यात येतं, असं तिला वाटलं. संध्याकाळी तिने ताईला हेही सांगितलं आणि दोघी हसल्या.

मग शुक्रवारी ती कामावरून आली, तेवढ्यात घरचा फोन वाजला. सासूबाई खाली शेजारणीकडे गेल्या होत्या. फोनवर एक मुलगी होती, बोलायला अगदी नम्र.

"आजी आहेत का? मशीन कसं वाटतंय, विचारायला फोन केला. आज अकरावा दिवस. शिट्टी वगैरे वाजत नाही ना?"

"कुठलं मशीन?"

"कानाचं. पंधरा दिवस वापरून बघायला दिलंय. आवडलं नाही तर परत करता येतं. घरी सांगितलं नाही का त्यांनी? म्हणत होत्या, आधी जमतंय का बघते, मग सगळ्यांना चकित करते."

बडबडीने फोन ठेवला आणि ती तिथेच स्टुलावर बसली. अकरा दिवस. ती बोटांवर मागे मागे जाऊ लागली. काल चहाची नक्कल. परवा टेपाची गंमत. त्याच्या आधी चालण्यावरून काहीतरी, वासावरूनही. आणि मंगळवार. मंगळवार धरला तर आठवा... नाही, अकरावा दिवस. म्हणजे मशीन आणलं त्याच दिवशी. तिचे कान इतके तापले की तिने ते दोन्ही हातांनी झाकले. ते हलकेच लागणारं दार, तो निवत ठेवलेला चहा, ती मोजलेली भिंत, सगळ्याचा अर्थ एकदम कळला आणि जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

सासूबाई वर आल्या, खुर्चीत बसल्या आणि मटार घेतले. बडबडी त्यांच्याकडे पाठ करून अगदी हळू म्हणाली, "आई, चहा ठेवू?"

उत्तर आलं नाही. पण शेंगा मोडण्याचा आवाज थांबला. क्षणभरच. मग पुन्हा सुरू झाला.

तेव्हाच मागे वळून बोलायला हवं होतं. तिला ते कळतही होतं. पण कधी नाही ते तिला शब्द सापडेनात. नेहमीच्या वेळी तिने ताईला फोन केला नाही, म्हणून सव्वापाचला ताईचाच आला. बडबडीने घाईने तो स्पीकरवर टाकला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "ताई, आमच्या आई ना, फार मायाळू आहेत. मला इतकं जपतात!"

ताई म्हणाली, "काय गं, ताप आलाय का?"

"खरंच सांगते. त्यांच्यासारखी सासू मिळायला भाग्य लागतं."

मागे खुर्ची सरकली. सासूबाई मटारांची ताटली तशीच ठेवून उठल्या आणि आपल्या खोलीत गेल्या. दार हलकेच लागलं. आधीच्या सगळ्या बोलण्यापेक्षा या दोन वाक्यांची तिला जास्त लाज वाटली. निदान आधी ती खरं तरी बोलत होती.

सोमवारी जेवताना सासूबाईंनी छोटी रिकामी डबी ताटाशेजारी ठेवली आणि मुलाला म्हणाल्या, "मी एक कानाचं मशीन आणलं होतं वापरून बघायला. उद्या परत करते."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. "तू? मशीन? आणि बोलली नाहीस?" तो मोठमोठ्याने, सवयीने हातवारे करत विचारत होता. "ऐकू येतं का त्यातनं?"

"येतं. चांगलं येतं."

"मग परत कशाला? टोचतं का?"

"टोचत नाही रे. फार आवाज येतो. मला आता सवय राहिली नाही." त्या बडबडीकडे बघत नव्हत्या.

नवरा बायकोकडे वळला. "अगं, तू तरी सांग ना. तुझं ऐकेल ती."

बडबडीच्या मनात एक विचार आला आणि तो आला हे ती पुढे कधी विसरू शकली नाही. उद्या मशीन गेलं की सगळं पहिल्यासारखं होईल. ताटातली भाजी चिवडत ती म्हणाली, "त्यांना त्रास होत असेल तर जबरदस्ती कशाला?"

सासूबाईंनी मान हलवली, डबी उचलली आणि हात धुवायला गेल्या. नवरा बिचारा खांदे उडवून जेवत राहिला.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात तिने एक अख्खा पडदा उलट्या बाजूने कापला. आजवर असं कधी झालं नव्हतं. मुकादमबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आज तोंड बंद आहे तर हात वाहवले का? बरं वाटत नाही का तुला?"

"नाही वाटत," बडबडी म्हणाली. "घरी जाऊ का?"

पण ती घरी गेली नाही. कानाच्या मशीनचं दुकान दवाखान्याच्या गल्लीत होतं, ते तिने विचारत विचारत शोधलं. काचेचं दार लोटलं तर आत बाकावर सात-आठ म्हातारी माणसं आपापल्या नंबराची वाट बघत बसली होती. कडेला सासूबाई. डबी मांडीवर, मशीन डबीत.

"आई," ती म्हणाली. सासूबाईंना ऐकू गेलं नाही. त्या समोरच्या भिंतीवरचं कानाचं मोठं चित्र बघत होत्या.

"आई!"

त्या दचकून वळल्या. "अगं, तू इथे? काय झालं? तो बरा आहे ना?"

"बरा आहे. आई, मशीन परत करू नका."

"काय?"

"परत करू नका!"

"काय म्हणतेस?"

तेव्हा बडबडी ओरडली. "मी तुमच्याबद्दल वाईट बोलले! ताईजवळ! तुम्ही सगळं ऐकलंत! म्हणून तुम्ही ते परत करताय!"

बाकावरच्या सगळ्या माना वळल्या. त्या दुकानात बहुतेकांच्या कानाला मशीन होतं आणि ती सगळी चांगली चालत होती. एका आजोबांनी तर पुढचं नीट यावं म्हणून आपलं मशीन बोटाने वर केलं. काउंटरवरची नम्र मुलगी लिहिता लिहिता थांबली. बडबडी घामाने चिंब झाली होती, रडू येत होतं, आणि तिथून पळायलाही जागा नव्हती.

सासूबाईंनी डबी उघडली. सावकाश मशीन कानामागे बसवलं, बारीक नळी कानात सारली आणि केस वरून सारखे केले. मग बाकावर सरकून जागा केली.

"आता बोल," त्या म्हणाल्या. "आणि हळू बोल. बस."

ती बसली. तोंड उघडलं, पण "मला माफ करा" यापलीकडे काही निघालं नाही. तेही दोनदा.

सासूबाईंनी रिकामी डबी मिटली. "तीस वर्षं मी लोकांची बोलणी जोडून दिली," त्या म्हणाल्या. "कानावर पडायचंच. नवरा-बायकोची भांडणं, कुणाची लफडी, सगळं. ऐकलेलं तिथेच टाकून यायचं, अशी शिस्त होती आम्हाला. मला वाटलं, हेही जमेल. पण तेव्हा ते कुणी माझ्याबद्दल बोलत नव्हतं ना."

बडबडीने मान खाली घातली.

"नक्कल चांगली करतेस. चहाची तर हुबेहूब. मी असा आवाज करते हे मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं. कळणार कसं?" त्या थांबल्या. "त्याचं एवढं वाईट नाही वाटलं. पण तू माझे दिवस मोजत होतीस, कोबी चिरता चिरता. त्याचं वाटलं."

"आई..."

"मी भिंत मोजली. तुझं मशीन बसतंय तिथे. कापायचं टेबल नाही बसणार." हे त्या टोमणा मारायला म्हणाल्या नव्हत्या, तेवढं बडबडीला कळलं, आणि ते जास्त लागलं.

तेवढ्यात काउंटरवरून हाक आली. सासूबाई उठल्या, सुनेकडे एकदा पाहिलं आणि काउंटरशी जाऊन म्हणाल्या, "ठेवते मी हे. थोडा आवाज कमी करून द्याल का?"

दोघी बसने घरी आल्या. वाटेत फारसं बोलणं झालं नाही. एका थांब्यावर सासूबाईंनी विचारलं, "तुला कामावरून सोडलं कसं?" तिने उलट्या कापलेल्या पडद्याचं सांगितलं. त्या "अरेरे" म्हणाल्या. बस्स.

हे असं एका दिवसात मिटत नाही. नवऱ्याला तर काहीच माहीत नव्हतं. तो आईशी बोलता येतं म्हणून खूश होता, दिवसभरातल्या लिफ्टच्या गोष्टी तिला सांगत बसायचा. ताईचा फोन आला की मात्र सासूबाई उठायच्या नाहीत, रागवायच्याही नाहीत. कानातलं मशीन काढून ओट्यावर, बडबडीला दिसेल असं ठेवायच्या आणि मटार सोलत राहायच्या. त्यांच्या परीने ते सभ्यपणाचं होतं. पण ते बारकं, राखाडी मशीन समोर पडलेलं असताना बडबडीच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. हवापाण्याचं काहीतरी बोलून ती फोन ठेवायची. ताईलाही तिने सगळं सांगून टाकलं. ताई म्हणाली, "मी पण हसले होते गं."

महिनाभराने एक दिवस बडबडी कामावरून आली, तर तिच्या कपाटातले कपडे सासूबाईंनी काढून, घड्या घालून, वेगळ्याच खणांत लावले होते. आतले कपडेसुद्धा. तिची चिडचिड झाली. हात सवयीने फोनकडे गेला. मग तिने तो तिथेच ठेवला आणि खिडकीच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली.

"आई, माझ्या कपाटाला हात लावलेला मला आवडत नाही."

सासूबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "पसारा होता."

"असू दे. माझा आहे. मी आवरीन."

सासूबाईंचं तोंड एवढंसं झालं. त्या रात्रीचं जेवण होईपर्यंत त्या तिच्याशी बोलल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी सकाळीही फुगून होत्या. बडबडीलाही उगाच बोललो का, असं शंभरदा वाटलं. पण यावेळी वाटत होतं ते निराळं होतं, त्यात तोंड लपवावंसं वाटत नव्हतं.

दुपारी साडेचारला ती घरी आली तेव्हा सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या. मशीन कानात होतं.

"कपाटाचं बोललीस ते बरं केलंस," त्या म्हणाल्या. "मला राग आला. अजूनही आहे थोडा. पण हे असंच तोंडावर सांगत जा." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि ते पडद्यांचं काय ठरवलंयस, ते मला नीट सांग बघू. ताईला सांगतेस तसं नको. पहिल्यापासून सांग."

बडबडीने स्टूल ओढलं. सांगताना ती चारदा अडखळली आणि खोलीच्या विषयापाशी आली तेव्हा लाजेने थांबलीच.

"हं," सासूबाई म्हणाल्या. "पुढे?"