सोमाकाकाले पडलेल्या शिव्या

आता तुमी एवढा चहा पाजून राह्यले म्हणून सांगतो, नाईतं ही गोष्ट म्यां सख्ख्या भावालेबी सांगितली नाई. माणसानं बह्याडपणा करावा, पण किती करावा? लोक तोंडावर थुकून राह्यले आणि आपण रुमालानं तोंड पुसून म्हणावं, "असाच लोभ राहू द्या"? म्यां म्हटलं! चंद्रपुरात, भर दुपारी, टाकीजच्या पायऱ्यांवर. हासा, हासा. तो बह्याड दुसरा कोणी असता तं मीबी हासलो असतो.

तुमाले माहीत आहे, मी झाडीपट्टीतला व्हिलन. दिवाळी झाली का गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, मंडई भरली का नाटक, आणि नाटक म्हटलं का व्हिलन लागतेच. उभी जवानी त्यातच गेली. सावकार झालो, गावगुंड झालो, दारूडा नवरा झालो, सुनेले जाळणारा सासरा तं किती वेळा झालो! चांगला माणूस एकदाबी नाई. माझा चेहराच तसा, तुमी पाहूनच राह्यले.

आणि व्हिलनचं गणित उलटं असते, बरं का. हिरोले टाळ्या, मले शिव्या. बायकायनं कानशिलावर बोटं मोडली पाहिजे. "तुयं वाटोळं होइन, हरामखोरा!" असा मंडपातून आवाज आला का मी मनात म्हणतो, चला, आज रंगलं. एका गावी एका बुढीनं चप्पल फेकून मारली. नाटक सुटल्यावर ती चप्पल मांगाले आली, तं मी खुशीनं तिच्या पाया पडलो. ती म्हणे, "माह्या पाया काऊन पडते, मेल्या? त्या सुनेच्या पड!" यापरीस मोठं बक्षीस कोणतं, सांगा बरं?

माझ्या पोरीले मात्र हे बक्षीस कधी आवडलं नाई. करुणा तिचं नाव. एकुलती एक. शाळेत पोट्टे तिले चिडवत, "तुया बाप सुना जाळते." तवापासून ती माझं नाटक पाहाले आली नाई. एकदा म्हणे, "बाबा, एखांद्या वेळी चांगला माणूस करा ना." मी हासलो. म्हटलं, "अवं माय, चांगल्या माणसाले कोण विचारते? डायलॉग तं सारे व्हिलनलेच असते." ती आपलं पुस्तक उघडून बसली. भांडली असती तं परवडलं असतं.

तिचा सारा जीव एका कॉमिकमंधी. 'सोमाकाकाची नाव.' आपल्याच भागातली गोष्ट, आपल्याच बोलीतली, दर पंधरा दिवसाले एक पातळसं पुस्तक निंघे. तुमच्या पोट्ट्यायनंबी वाचलं असन. भामरागडकडे पावसाळ्यात रस्ता बंद झाला का सोमाकाका नावाडी नाव काढते आणि मैनी नावाची पोट्टी त्याच्यासंगं असते, एवढं मले माहीत. कारण कवरवर तसं चित्र होतं. अंदर म्यां कधी पाह्यलंच नाई. सीजनमंधी मी घरी कुठी? आणि सीजन संपला का मी घोरत पडलेलो.

मंग एक दिवस मुंबईचे लोक आले. 'सोमाकाकाची नाव'वर सिनेमा काढून राह्यले म्हणे, आणि त्यायले सोमाकाका पाहिजे. डायरेक्टरनं वडशाले माझं नाटक पाह्यलं आणि खुश! "दादा, स्टेजवर करता ना, तेच कॅमेऱ्यासमोर करा. माणूस हलकट दिसला पाहिजे." माझ्या सीनचे कागद हातात दिले. सोमाकाका सागवान चोरणाऱ्यायले जंगलातल्या चोरवाटा दाखवते, आणि शेवटी भर पुरात मैनीले नावेतून ढकलून देते. ढकलून वरतं हासते! म्यां म्हटलं, वा रे वा, याले म्हणतात रोल.

लगेच करुणाले फोन लावला. ती तिकडे भामरागडकडेच नर्स आहे.

"करुणा, मी सिनेमात! सोमाकाका करून राह्यलो."





"बाबा... तुमी? सोमाकाका?" आणि पोरगी रडाले लागली! "लय चांगलं झालं, बाबा. लय म्हणजे लयच. मले सांगताच नाई येत."

आता तुमीच सांगा, बापानं याचा अर्थ काय घ्यावा? म्यां घेतला असा का पोरीले शेवटी बापाची कला समजली. तिचा आवडता माणूस कोण? व्हिलन! रक्त कोणाचं आहे शेवटी! मिशीले पीळ देत अख्खा वडसा फिरलो मी त्या दिवशी.

सिनेमा लागला. सांजची वेळ झाली नाई का मोबाइल टुणटुण वाजाले लागला. "हरामखोरा, सोमाकाकाचा सत्यानाश केला." "आमचं लहानपण बुडवलं तुमी." "तुमच्या हाताले किडे पडतील." वाचता वाचता माझे डोळे भरून आले. उभ्या जिंदगीत एवढ्या शिव्या एका दिवसात पडल्या नव्हत्या! म्यां एकेकाले उत्तर दिलं. जोडलेले हात, लाल बदाम, आणि खाली शुद्ध भाषेत, "आपल्या प्रेमाबद्दल आभारी आहे."

एकानं लिवलं, "लाज नाई वाटत?" म्यां लिवलं, "अजिबात नाही. पुढच्या वेळी आणखी मेहनत घेईन."

बायको चष्मा लावून वाचत होती. म्हणे, "अवो, हे लोक खरंच शिव्या देऊन राह्यले असं वाटते."

"मंग काय खोट्या देतील?"

"तसं नाई वो. हा पाहा, लिवते का सिनेमा पाहून आलो तवापासून अन्न गोड लागत नाई."

"पाह्य! अन्न गोड लागत नाई! याले म्हणतात ॲक्टिंग."

तिनं कपाळाले हात लावला. "कलेतलं तुले काय समजते" म्हणून म्यां मोबाइल हिसकून घेतला. आता वाटते, त्या घरात एकच शहाणं माणूस होतं आणि त्याच्या हातातून मोबाइल मीच हिसकला.

रविवारी करुणा बसनं चंद्रपूरले आली. मोबाइल उघडून पाह्यलाच नव्हता तिनं, दवाखान्यातल्या बायायलेबी ताकीद, "सिनेमाचं मले कोणी काही सांगू नोका, मी बाबासंगं पाहीन." नवी साडी, खांद्याले पिशवी, पिशवीत लहानपणचं एक पुस्तक, कवर फाटलेलं. टाकीजमंधी माझ्या बाजूले बसली आणि माझा हात धरला. पोरीनं माझा हात किती वर्षांत धरला नव्हता, हे मले तिथी समजलं.

पडद्यावर मी आलो. तिनं हात घट्ट आवळला. सोमाकाकानं चोरायले वाट दाखवली. हात ढिला झाला. मंग पूर आला, मैनीले म्यां ढकललं, आणि हासलो. काय हासलो, भाऊ! बाजूले पाहातो तं खुर्ची खाली. पोरगी उठून गेलती.

आणि मी बह्याड मनात काय म्हणतो? अरे वा! लोकायच्या पोरी बोटं मोडते, माझी तं उठूनच गेली! सख्ख्या पोरीलेबी सहन नाई झालं, एवढा जमला आपला रोल! खुशीनं म्यां मांडीवर थाप मारली. मागून कोणीतरी ओरडलं, "ओ काका, चूप बसा ना!"

तिले शोधाले बाहेर आलो तं पायऱ्यांखाली ही गर्दी! कॉलेजच्या पोरी, चष्मेवाले मास्तर, घुग्घुसहून शिफ्ट करून तसेच कोळशाच्या धुळीत आलेले गडी. आणि सगळ्यायच्या हातात 'सोमाकाकाची नाव'. मले पाह्यलं आणि एकच गिल्ला उठला, "तो पाहा! तोच! गद्दार, गद्दार!" अंगावर काटा आला, खरं सांगतो. झाडीपट्टीत पब्लिक पाह्यली, पण अशी नाई. म्यां पुढारी करते तसे दोनी हात वर केले.

"असाच लोभ राहू द्या! गडबड करू नोका. सगळ्यायले सही भेटन!"

एक खाणीतला गडी पुढं आला. पुस्तक उघडून माझ्या नाकासमोर धरलं, बोट आपटून म्हणे, "हे काय आहे? पाहा, हे काय आहे?" म्यां नीट पाह्यलं नाई. पेन काढला आणि सोमाकाकाच्या तोंडावरच झोकात सही ठोकली. वरतं लिवलं, 'तुमचाच गद्दार'. तो गडी एकदा पानाकडे पाहे, एकदा माझ्याकडे. त्याचे डोळे भरले होते. म्यां त्याच्या पाठीवर हात ठेवला. "भाऊ, पुसा डोळे. सिनेमाच तं आहे शेवटी."

तेवढ्यात एका चॅनेलवाल्यानं माईक पुढं केला. "लोक एवढे संतापले, तुम्हाला काय वाटतं?"

"मले तं लय आनंद वाटते! मैनीले ढकलताना मजा आली. पुढच्या भागात संधी भेटली तं अख्खा गाव बुडवीन!"

सगळे चिडीचूप. मले वाटलं, भारावले. मान खाली घालून म्यां पुढचं पुस्तक घेतलं. याचं कवर फाटलेलं.

"नाव?"

"करुणा."

"आडनाव?"

"तुमचंच."

मान वर केली. पोरगी रडत नव्हती, तेच वाईट होतं. तिनं माझ्या हातातला पेन काढून घेतला आणि पुस्तक उघडून माझ्यासमोर धरलं. पहिल्यांदा, भाऊ, पहिल्यांदा म्यां ते अंदरून पाह्यलं. पूर आलेला. मैनी पाण्यात पडलेली. आणि सोमाकाकानं उडी घेऊन तिले वर काढलेलं. पुढच्या चित्रात तो आपल्या दुपट्ट्यानं तिचं डोस्कं पुसून राह्यला.

"हा सोमाकाका आहे, बाबा. हा कोणाले ढकलत नाई. पुरातून औषध नेते, बाळंतीण बाई नेते. मी नर्स काऊन झाली, माहीत आहे तुमाले?"

"काऊन, माय?"

"तुमी एकदाबी वाचलं नाई ना हे?"

"त्यायनं जे कागद दिले ते म्यां केलं."

"तुमी गावोगावी सुना जाळून राह्यले होते, तवा माझ्यापाशी हाच होता. तुमी दिवाळीले गेले का होळीले तोंड दाखवत. हा तं दर पंधरा दिवसाले येत होता." तिनं पुस्तक मिटलं. "तुमचा फोन आला तवा मले वाटलं, एकदाचे दोघं एक झाले."

बस. शिवी नाई, बोटं मोडणं नाई. पुस्तक पिशवीत टाकलं आणि ऑटोत बसून बसस्टँडवर गेली. गर्दीनं मले चुपचाप वाट करून दिली. एकानंबी चप्पल मारली नाई हो! मारली असती तं बरं वाटलं असतं. जन्मभर शिव्यायवर पोट भरलं, आणि लोक खरोखरचे दुखावले तवा मले फरक समजला नाई. लय घाण वाटलं मले माझंच.

'अख्खा गाव बुडवीन' मोबाइल मोबाइलवर फिरलं. वडशाले हॉटेलात गेलो तं लोक कप उचलून दुसऱ्या टेबलावर जात. बायको म्हणे, "माना आता आभार त्यायचे!"

वाचणाऱ्यायनं एवढा गोंधळ केला का सिनेमावाल्यायनं माफी मांगली आणि दुसरा भाग काढला. त्यात सोमाकाका पुस्तकातल्यासारखा चांगला. मंग पहिल्या भागातला तो कोण? तो म्हणे जुळा भाऊ! आहे का नाई मुंबईवाल्यायची अक्कल?

मले फोन आला. तवरिक म्यां सगळी पुस्तकं मिळवून वाचून काढली होती, सोमाकाका तोंडपाठ केला होता.  डायरेक्टर म्हणे, "दादा, सोमाकाका पुण्याचे एक नट करताहेत. राग मानू नका, पण तुमचा चेहरा चांगल्या माणसाला शोभत नाही. त्यांना फक्त तुमची बोली येत नाही. शिकवाल का?"

नाई म्हणाले पाहिजे होतं. हो म्हटलं, आणि घरी कोणाले सांगितलं नाई.

एकेक वाक्य त्या माणसाकडून घोटून घेतलं. पाण्यातून काढल्यावर सोमाकाका मैनीले विचारते, "जेवली का वं, माय?" तो म्हणे, "जेवलीस का गं?" म्यां म्हटलं, "नाई भाऊ, असं नाई. दिवसभर पोरगी उपाशी आहे हे तुमाले आताच समजलं, आणि लाज वाटून राह्यली तुमाले. म्हणा." तो म्हणे, पुन्हा तुमीच म्हणून दाखवा. मी म्हणून दाखवत गेलो. एकदा त्यानं विचारलं, "तुम्हाला मुलगी आहे वाटतं?" म्यां म्हटलं, आहे. आणि चहा मांगवला.

सिनेमा लागला तवा बायकोनं करुणाले बळजबरीनं आणलं. तवरिक ती माझ्याशी कामापुरतं बोले, जेवा, झोपा, एवढंच. पडद्यावर त्या पुण्यावाल्यानं पुरात उडी घेतली, मैनीले वर काढलं आणि म्हटलं, "जेवली का वं, माय?" अख्खी टाकीज हुंदके देऊन राह्यली. करुणा तं पदरात तोंड घालून रडली.

बाहेर आल्यावर तिनं माझा हात धरला. डोळे लाल. "पाह्यलं बाबा? बोलणं ऐकलं त्याचं? असं बोलणं कोणाच्या शिकवल्यानं येत नाई. माणूसच मनानं चांगला असन तो."

"असन," म्यां म्हटलं.

"थोडं तरी शिका त्याच्यापासून."

तोंडापर्यंत आलं होतं, खरंच. पण तिनं हात धरून ठेवला होता.

म्यां म्हटलं, "शिकतो, माय."