दाराच्या फटीतून दिलेला आणा

पोरी, फोन कानाशी धर, जरा रागावणार आहे मी. काल तू धाडलेली संत्री घेऊन माणूस आला, अन् तू त्याले फोनवरच सांगून टाकलं, "पेटी दाराशी ठेवा, टिप दिली आहे." मी दारापर्यंत पोचेस्तोवर तो गेला होता. काहून गं एवढी घाई?

पेटीच्या वासानं मले अमरावतीच्या सासरी नेलं. इंग्रजांचं राज्य होतं, माझं लग्न नवं होतं. चांदूर बाजारहून मायनं गाडीवाल्या गणपतदादाजवळ संत्री धाडली. घरात पाहुणे, माझे हात पिठाचे. दाराच्या फटीतून मी त्याले एक आणा दिला अन् दार लोटलं.

"बाई, जरा बाहीर ये," तो म्हणाला. "मायनं सांगतलं, पोरीचं तोंड पाहून ये."

"बरी आहे म्हणा!" मी आतूनच ओरडली.

पुढे माहेरी गेली, तर मायनं तोच आणा माझ्या हातावर ठेवला. "गणपत देऊन गेला. म्हणे, तोंड तर दिसलंच नाही, मंग पैसे कायचे घेऊ?"

आता थकली मी, बाई. टिप देत जा, पण माणसाकडे पाहून दे. अन् पुढची संत्री तूच घेऊन ये. लवकर ये.