गाण्यांना इस्त्री

आमच्या गल्लीच्या तोंडाशी लाँड्री आहे आणि लाँड्रीत कडककाका आहेत. नाव पडलं ते त्यांच्या स्टार्चमुळे. त्यांच्याकडून आलेला शर्ट आत माणूस नसला तरी खुर्चीत ताठ बसतो. काका मात्र लोण्याचे. गिऱ्हाइकाने आवाज चढवला की ते इस्त्रीची आच कमी करतात, जणू तापलेली तीच आहे.

सुरकुती म्हणून त्यांना सहन होत नाही. वर्तमानपत्र वाचून झालं की ते अशी घडी घालतात की काकूंना वाटतं, आजचं अजून उघडलंच नाही. दुसरं म्हणजे काका काही टाकत नाहीत. कपडे देऊन विसरलेल्या, गाव सोडून गेलेल्या माणसांचेही कपडे मागच्या खोलीत वरच्या फळीवर वर्षानुवर्षं वाट बघत असतात. "आला न्यायला तर?" एवढंच त्यांचं म्हणणं.

त्याच खोलीत, चादरींच्या गठ्ठ्यांशेजारी, एक जुना कॉम्प्युटर दिवसरात्र गुणगुणत असतो. हा काकांचा गाण्यांचा सर्व्हर. घरातली गाणी त्यात भरायची आणि आपल्या माणसाने, असेल तिथून, आपल्या फोनवर ती ऐकायची. काकांचं हे आपलं माणूस एकच, दुसऱ्या गावी एकटी राहणारी थोरली बहीण. ताईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. वाचायचं नाही, टीव्ही नाही, दुपारची झोप मात्र हवीच, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं. मग दुपारी ताई पडदे ओढून गाण्यांसाठीचा वेगळा फोन उशाशी ठेवायच्या, आणि इथल्या वाफेच्या खोलीतली गाणी तिथल्या अंधाऱ्या खोलीत हलक्या पावलांनी जायची. गाणी वडिलांच्या कॅसेटमधली. वडील तबकडी लावायचे, समोर टेपरेकॉर्डर ठेवायचे आणि घरादाराला गप्प बसवून ती भरून घ्यायचे.

मी शर्ट न्यायला गेलो त्या दुपारी ताईंचा फोन चालू होता. हात मोकळे हवेत म्हणून काकांनी तो मोठ्या आवाजात ठेवलेला.

"अरे, तुझा डबा बिघडलाय. माझी झोप उडालीये."

"गाणी लागत नाहीत?"

"लागतात की."

"मधेच अडकतात?"

"छे."

"मग बिघडलंय काय?"

"ते मला कळत असतं तर तुला कशाला फोन केला असता? डॉक्टरीणबाई म्हणतात, आजही झोपला नाहीत तर गोळी देते. मला नको ती गोळी. गोळी घेऊन पडायचं, त्याला काय झोप म्हणायची?"

काका फोन घेऊन मागच्या खोलीत धावले, मागोमाग मी. त्यांनी सर्व्हरवर तळहात ठेवला, इस्त्रीला ठेवतात तसा, हळूच. ताप नव्हता. इंटरनेटच्या डब्याचे दिवे पाहिले, वायर काढून पुन्हा खोचली, डिस्कवर जागा आहे का ते बघितलं. सर्व्हर काय काय करतोय याची नोंद तो स्वतःच ठेवतो, तीही काकांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणून वाचली. सगळं सुरळीत. दुखणेकरी कण्हतोय आणि रिपोर्ट म्हणतोय नॉर्मल, तसली गत.

"आणि परवाच मी किती साफसफाई केली!" काका म्हणाले. "खरखर काढली. दोन गाण्यांमधली रिकामी जागा कापली. एकेक गाणं कसं परीटघडीचं केलंय."

फोनमधून ताई म्हणाल्या, "तेच म्हणते मी. एक गाणं संपतं न संपतं तोच दुसरं अंगावर येतं. मधे कुणी उठतच नाही."

"कुणी म्हणजे कोण?"

"मला काय माहीत? मी अर्धवट झोपेत असायचे. पण आधी कुणीतरी उठायचं बाबा."

तिथेच घड्या घालत बसलेल्या काकूंनी हातातली उशीची खोळ खाली ठेवली. "अहो," त्या म्हणाल्या, "मामंजी उठायचे."

मामंजी म्हणजे तेच, कॅसेट भरणारे.

"गाणं संपलं की ते तबकडी उलटायला उठायचे. खुर्ची कुरकुरायची. टेप चालूच असायची. तुम्ही मामंजींना इस्त्री मारलीत!"

काकांचा चेहरा पाण्यात बुडवलेल्या कॉलरसारखा पडला. "साफ केलेली गाणी मी जुन्यांच्या जागी ठेवली," ते पुटपुटले.

"आणि जुनी? टाकलीत?"

काकांनी नकळत वरच्या फळीकडे पाहिलं. आणि मग हळूहळू, सादळलेल्या कापडाला ऊब लागावी तसे ते उलगडले. "टाकीन कशाला? आला कुणी न्यायला तर?"

सर्व्हरच्या पोटातही त्यांनी एक फळी केली होती. तिचं नाव 'न नेलेले कपडे'. तिच्याकडे बघायचं नाही अशी सर्व्हरला ताकीद दिलेली, म्हणून ती ताईंच्या फोनवर दिसत नव्हती. काकांनी जुनी गाणी तिथून उचलून मूळ जागी आणली, सर्व्हरला सगळं नव्याने मोजायला लावलं, आणि आम्ही तिघं चादरींवर बसून राहिलो. खिडकीतून आलेल्या उन्हात वाफ तरंगत होती. तिला कुठे जायची घाई नव्हती.

"ताई, आता लाव."

तिकडे गाणं लागलं. मागे बारीक पाऊस पडत असल्यासारखी खरखर. गाणं संपलं, आणि नंतर काहीच नाही. मग खुर्ची कुरकुरली. सपाता फरशीवरून घसटत गेल्या. एक खोकला. कुणीतरी तबकडी उचलली आणि तिच्यावर फुंकर मारली. ती फुंकर मला मानेवर लागल्यासारखी वाटली. आम्ही तिघांनीही मान वळवून दाराकडे बघितलं.

दुसरं गाणं सुरू झालं तेव्हा फोनमधून ताईंचा श्वास ऐकू येत होता, लांब, सावकाश, शेवटी किंचित शीळ घालणारा.

"घोरताहेत वन्सं," काकू कुजबुजल्या. "ठेवा आता फोन."

काकांनी ओठांवर बोट ठेवलं. दुसऱ्या हाताने माझा शर्ट पुढे केला. बाहीवर एक चुणी राहिली होती. मी शर्ट तसाच काखेत धरला.

"अहो, ठेवा ना."

"थांब गं," काका म्हणाले. "हे गाणं संपू दे. बाबा उठतील, त्यांना परत खुर्चीत बसू दे."