कपाटभर चकत्या

शनिवारी शेजारच्या अण्णांकडे चहाला गेलं की एखादा किस्सा पदरात पडतोच. मी कधी लिहून ठेवले नाहीत, ते आपोआप साठत गेले. हल्ली आमच्या सर्जापूर रोडच्या सोसायटीत कुणी "आता डीव्हीडी कोण बघतं?" म्हणालं की माझं डोकं फिरतं. आम्ही बघतो!

अण्णा मूळचे बेळगावचे. बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यातून क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून रिटायर झाले. त्यांच्या हॉलमध्ये भिंतभर कपाट आहे आणि त्यात नुसते सिनेमे. मुलगा गिरीश आयटीत. त्याने शहराच्या दुसऱ्या टोकाला, देवनहळ्ळीला नवा फ्लॅट घेतलाय. अण्णांनाही तिकडे न्यायचंय, पण फ्लॅटच्या प्लॅनमध्ये या कपाटाला जागाच नाही.

"अण्णा, सगळं ऑनलाइन असतं हो," गिरीश म्हणतो.

"मग तू जा ऑनलाइन राहायला. मी आणि कपाट इथे बरे आहोत!"

* * *

आमच्या कंपूतला केतन नागपूरचा. तो एकदा अण्णांकडून डिस्क घेऊन गेला. अण्णा परत आलेली प्रत्येक डिस्क ट्यूबलाइटखाली तिरकी धरून तपासतात, कारखान्यात पार्ट तपासायचे तशी.

"हे बोट कुणाचं? आणि बोटाला उपमा होता का?"

केतन ओशाळला, डिस्क घरी घेऊन गेला आणि सरळ डिशवॉशरमध्ये घातली. गरम पाण्याचा फुल सायकल! बाहेर आली ती वाकडी होऊनच.

अण्णा रागावले नाहीत. कारखान्यात रिजेक्ट पार्टला लाल टॅग लावून सगळ्यांना दिसेल असा ठेवतात. अण्णांनी तसाच टॅग लावला, त्यावर केतनचं नाव लिहिलं आणि डिस्क हॉलच्या दारावर टांगली. ती अजून तिथेच आहे. केतनची सासू पाहुणी आली तेव्हाही काढली नाही.

* * *

त्यानंतर केतन दुखावला आणि म्हणाला, "मी ऑनलाइनच विकत घेणार. धुवायची भानगड नाही."

घेतलाही एक सिनेमा. चांगलं 'बाय' लिहिलेलं बटण दाबून! पाच-सहा महिन्यांनी बघायला गेला तर सिनेमा गायब. त्याने कस्टमर केअरला गाठलं. ते म्हणाले, सर, तुम्ही सिनेमा नाही, बघण्याची परवानगी घेतली होती. ती संपली.

अण्णांनी शांतपणे चहा संपवला आणि म्हणाले, "मी या कपाटासमोर उभा राहून आजवर कुणाची परवानगी मागितलेली नाही."

* * *

एका रविवारी दुपारी बाहेर गटाराच्या खोदकामात केबल तुटली. सगळ्या टॉवरचं नेट बंद. व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसता आकांत! मॅनेजर काय करतोय, कमिटी झोपलीय का, मेंटेनन्स कशाचा घेता...

तेवढ्यात अण्णांचा मेसेज आला. "आमच्याकडे सिनेमा चालू आहे. चपला बाहेर काढा."

एकोणीस जोड मी स्वतः मोजले. कमिटीचे अध्यक्ष जमिनीवर बसले होते.

* * *

गिरीशने तरीही हिय्या करून भंगारवाल्याला बोलावलं. अण्णा दुपारची झोप काढत होते, तेवढ्यात काम उरकेल असा त्याचा हिशेब. पण अण्णांना जाग आली.

भंगारवाला पोतं घेऊन कपाटासमोर उभा होता आणि एका जुन्या कन्नड सिनेमाचं कव्हर न्याहाळत होता.

"बघायचाय?" अण्णांनी कन्नडमध्ये विचारलं.

"स्वल्प," तो म्हणाला.

ते स्वल्प अडीच तास चाललं. मध्यंतरात चहा झाला, शेवटी दोघांनीही डोळे पुसले. मग त्या माणसाला वाटलं, रिकाम्या हाताने कसं जायचं? गिरीशचा स्ट्रीमिंग बॉक्स अपडेट बंद झाल्यामुळे ड्रॉवरमध्ये मरून पडला होता. तोच पोत्यात घालून घेऊन गेला!

* * *

आणि हा मागच्या शनिवारचा.

अण्णांच्या पत्नीला, म्हणजे आमच्या काकूंना जाऊन तीन वर्षं झाली. लग्नाआधी त्यांच्या गावात एका मराठी सिनेमाचं शूटिंग झालं होतं. त्यातल्या बाजाराच्या सीनमध्ये काकू वांगी निवडताना दिसतात. आठ सेकंद.

"तो सिनेमाही ऑनलाइन आलाय," गिरीश खुशीत म्हणाला. "एकदम स्वच्छ प्रिंट. आज सगळ्यांना आई दाखवतो, मग तरी कपाट सोडाल ना?"

"दाखव," अण्णा म्हणाले.

हीरो गल्लीत शिरला आणि थेट घरी पोचला. मध्ये बाजार नव्हताच. गिरीशने दोनदा मागे नेऊन पाहिलं. मग तिथल्या तिथे सपोर्टला लिहिलं. उत्तर लगेच आलं, ते केतनने वाचून दाखवलं. लांबी कमी करण्यासाठी एक दृश्य वगळलं आहे, त्यात महत्त्वाचं कुणी नव्हतं.

मला इतका संताप आला की हातातला कप खाली ठेवावा लागला. गिरीश तर मान वर करेना.

अण्णा उठले. कपाटातून डिस्क काढली, ट्यूबलाइटखाली धरून पाहिली आणि प्लेअरमध्ये घातली. बाजार आला. वांग्यांची टोपली आली. अण्णांनी पॉज केलं.

परकर-पोलक्यातल्या काकू. वांगं हातात, कुणावर तरी हसतायत.

"जा, नव्या घराचा प्लॅन घेऊन ये," अण्णा गिरीशला म्हणाले. "आणि हिची भिंत कुठली, ते मला दाखव."