आमच्या रानाचा रंग

पदवीनंतर मी कोथरूडला सहा महिन्यांचा कोर्स केला. उपग्रहाच्या फोटोंवरून नकाशे करायचे, तो. लोणी काळभोरहून दोन बस बदलून जायचे. शेवटच्या प्रकल्पात एका गावाची जमीन रंगवायची होती: पीक हिरवं, पाणी निळं, घरं लाल, पडीक पिवळी. थोडे नमुने आपण दाखवायचे, बाकीचं कम्प्युटर रंगवतो. मी आमचंच गाव घेतलं. हुशारी, दुसरं काय!

छापलेला नकाशा घरी आणून आबांसमोर, म्हणजे वडिलांसमोर पसरला. कालव्यावरून बोट फिरवत त्यांनी ते बरोबर आमच्या रानावर आणून ठेवलं.

"ह्यो पिवळा म्हंजी काय?"

"पडीक."

मग म्हणाले, "पडीक न्हाय, पोरी. आजारी व्हतो मी."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. पावसाळ्यातले ढगाळ फोटो नकोत म्हणून मी जानेवारीचा स्वच्छ फोटो निवडला होता. त्याच जानेवारीत आबा किडनीच्या दुखण्याने दवाखान्यात होते, रानात काहीच पेरलं नव्हतं. रोज उशाशी बसून होते मी त्यांच्या, तरी डोक्यात आलं नाही. पण चूक कबूल करायला जीभ रेटेना. उलट फणकारले, "कम्प्युटरला दिसतं तेच तो सांगतो, आबा."

"मंग तुझं डोळं कशाला हायेत?"

हाताने रंग बदलणं मिनिटाचं काम होतं. पण सरांनी सांगितलेलं, मनाने रंग बदलायचे नाहीत, आणि मला मार्क प्यारे. आमचं रान पिवळंच राहिलं, वर शाबासकी मिळाली. आता सांगायची लाज वाटते.

आबांनी एवढंच विचारलं, "त्यो फोटोवाला परत कधी येतो?" म्हटलं, उपग्रह दर पाच दिवसांनी येतो. दुसऱ्याच दिवशी हे रानात! डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हणून बजावलेलं. मी ओरडले, आई रडली. ऐकतील तर ना! लवकर उगवते म्हणून मेथी टाकली, स्वतः पाणी दिलं. रोज संध्याकाळी मी बसमध्ये असताना फोन यायचा, "दिसलं का गं हिरवं?"

"इतक्यात नाही दिसत, आबा."

खरं म्हणजे मी बघतच नव्हते. नोकरीचे अर्ज भरत होते.

एका सोमवारी म्हणाले, "आज तरी बघ की." बघते, म्हटलं आणि विसरले. गुरुवारी आबा गेले.

तेरावा झाल्यावर लॅपटॉप उघडला. त्या सोमवारचाच फोटो होता. आमचं रान हिरवंगार. कम्प्युटरने आपणहून त्याला पिकाचा रंग दिला होता. मी ताडकन उठले, "आबा, दिसलं!" अशी हाकही मारली. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि दारातच खाली बसली.

पुढे पाणी कुणी दिलं नाही. मेथी फुलावर गेली, उभ्या उभ्या वाळली. महिन्याभराने पुन्हा नकाशा काढला, तर रान पिवळं. या वेळी कम्प्युटर चुकला नव्हता. तरी मी हाताने ते हिरवं केलं आणि धाय मोकलून रडले.