समोरचा शुक्र

जमीन मोजणारा तो सरकारी माणूस महिनाभर आमच्या शिवारात तंबू ठोकून होता. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. रोज पहाटे तो काठीला दोरा लावून शुक्र मोजायचा आणि शेतांच्या नकाशामागे वर्तुळं काढायचा. माणसानं धाडलेलं यंत्र शुक्रावर कसं पोचेल, याचं ते गणित होतं.

त्या पहाटे अडलेली बहीण गाडीत कण्हत होती. बुलढाण्याचा दवाखाना उगवतीला, आणि शुक्रही तिकडंच. पोटुशी बाईला शुक्रासमोर नेत नाहीत, म्हणून बापानं मला तंबूपाशीच गाडी थांबवायला लावली.

तो पेन्सिल नाचवतच बाहेर आला. "पाटील, खुद्द शुक्रावर जाणाऱ्यालेही त्याच्याकडं तोंड करून निघता येत नाही. पाच महिन्यांनी तो जिथं असन, तिकडं निघा लागते. तो कोणाची वाट अडवून बसला नाही. लेकीले न्या."

"शास्त्र जमीन मोजायच्या साखळीनं मोजत नाहीत," बाप म्हणाला.

त्यानं हातातली पेन्सिल मोडून फेकली.

बहीण दुपारी गेली. बापावरचा राग कधीच विझला, माझ्यावरचा नाही. त्या माणसाच्या गणितात शुक्र पाच महिन्यांवर होता. दवाखाना चार कोसांवर होता, कासरा माझ्या हातात होता, आणि मी गाडी घराकडं वळवली.