शिंप्याचा ओटा

आमच्या शेजारच्या शिंप्याने आयुष्यभर दुसऱ्यांची मापं घेतली. बायको गेल्यावर त्याला बोलायला फक्त शिवणयंत्र उरलं. लेकीने फोनवर निक्षून सांगितलं, "बाबा, रविवारी न्यायला येतेय. त्या पडक्या स्वयंपाकघरात एकटं राहायचं नाही."

मी जन्मभर रंगमंचावर राजे रंगवले, म्हणून तो मला महाराज म्हणतो. त्या दुपारी दारात येऊन म्हणाला, "महाराज, ओट्याला टाइल्स बसवतोय. घर नेटकं दिसलं की लेक राहू देईल मला इथे."

"अहो, गवंडी बोलवा की!"

"इतके कोट बेतले, ओटा बेतता येत नाही होय?"

बेतला! गळ्यात टेप, कानावर खडू. कडेच्या सगळ्या टाइल्स कापून झाल्या आणि एकही बसेना. प्रत्येक बोटभर मोठी! शिवणीसाठी कडेला माया सोडायची हाताची सवय, ती कुठे जाणार?

"आता ह्या काय आत दुमडणार?" मी म्हणालो.

तो खो खो हसला आणि हसता हसता मटकन खाली बसला. "ती असती तर वर्षभर चिडवत राहिली असती हो."

मग पुन्हा मापं, पुन्हा कापणं. मी टाइल्स हातात देत राहिलो. जन्मभर पुठ्ठ्याच्या तलवारी पेललेल्या माझ्या हातांना त्या चांगल्याच जड गेल्या. शेवटी ओटा असा झाला, की टाळ्या वाजवाव्यात. मी वाजवल्याही.

रविवारी लेक आली. तिने ओट्यावरून हात फिरवला. डोळे भरून आले तिचे. "बाबा, किती सुरेख! आता घर विकायला काही अडचण नाही."

पोरीच्या मनात खोट नव्हती. म्हणूनच शिंप्याला चिडताही येईना. तो ओट्याकडे पाहत राहिला.

"अगं, सिमेंट ओलं आहे अजून," तो हळूच म्हणाला. "रोज पाणी मारावं लागतं, नाहीतर टाइल्स सुटतात. तेवढं झालं की येतो."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी राजाच्या रुबाबात मान डोलावली. ती एकटीच परतली.

त्याला वर्ष होत आलं. रोज सकाळी भिंतीपलीकडून ओट्यावर पाणी शिंपडल्याचा आवाज येतो. लेकीने फोनवर "येणार कधी?" विचारलं की तो सांगायचा, "अजून ओलं आहे गं."

हल्ली ती विचारत नाही.